सामाईक 40 आर जमिनीत प्लॉट पाडून विकायचे आणि एका भागात दहा फ्लॅटची इमारत बांधायची, तर परवानग्यांचा क्रम काय? सोसायटी बरी की अपार्टमेंट?

तुम्ही दिलेली माहिती अशी: महाराष्ट्रात तालुक्याच्या गावाला लागून वडील आणि काकांच्या नावावर 40 आर जिरायत जमीन, एकच सातबारा. एजंट म्हणतो, एनएच्या (बिनशेती परवानगीच्या) भानगडीत पडू नका, गुंठा-गुंठा करून विकून टाका. तुम्हाला प्लॉटही पाडायचे आहेत आणि रस्त्याकडच्या प्लॉटवर इमारतही हवी आहे.

आधी एजंटचा सल्ला बाजूला ठेवा. तुकडेबंदीचा कायदा 1947 चा आहे आणि तो अजून जिवंत आहे. 8 ऑगस्ट 2023 च्या अधिसूचनेनं बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र (म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते क्षेत्र) जिरायतीला 20 गुंठे आणि बागायतीला 10 गुंठे ठरलं. त्याखालच्या तुकड्याचा दस्त परवानगीशिवाय होत नाही, आणि कुठून तरी झालाच तर फेरफार (सातबाऱ्यावरची नावबदलाची नोंद) अडकतो. म्हणून मग 'अकरा जणांनी मिळून अकरा गुंठे' ही युक्ती निघाली. त्यात प्रत्येकाचं नाव सातबाऱ्यावर सामाईक लागतं, पण कुणाच्याच प्लॉटला चतुःसीमा नसते. बँक कर्ज देत नाही, बांधकाम परवानगीला सगळ्यांच्या सह्या लागतात, आणि भांडण सुरू झालं की सगळे मिळून विकणाऱ्याच्या दारात येतात. म्हणजे तुमच्या.

गुंठेवारीचा 2001 चा कायदा जुनी अनधिकृत वसलेली घरं आणि प्लॉट नियमित करण्यासाठी आहे. 2021 मध्ये त्याची मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंत वाढवली, एवढंच. 2025 च्या अध्यादेशानं शहरी आणि बिनशेती पट्ट्यांतले तुकड्यांचे जुने व्यवहार शुल्काशिवाय नियमित करायची सोय केली, तीही 15 ऑक्टोबर 2024 पर्यंत झालेल्या व्यवहारांना. आज नवीन तुकडे पाडणाऱ्याला या दोन्हींचा उपयोग शून्य. पालिका हद्दीत किंवा विकास योजनेत बिनशेती वापराला दाखवलेल्या जमिनीत तुकडेबंदीतून सवलत आहे, पण मंजूर रेखांकनाशिवाय (लेआउटशिवाय) प्लॉट तिथेही पाडता येत नाही.

आता खरा क्रम.

पहिला अर्ज नगररचना कार्यालयात, झोन दाखला (जमीन शेती की रहिवासी पट्ट्यात ते सांगणारा) आणि भाग नकाशासाठी (विकास योजनेतला तुमच्या गटापुरता नकाशा). यावर बाकी सगळं ठरतं. जमीन शेती झोनमध्ये निघाली तर प्लॉटिंगचा विषय तिथेच संपला. 'फार्महाऊस प्लॉट' म्हणून दहा-दहा गुंठे विकायचा मोह धरू नका, कारण महसूल संहितेच्या कलम 41 ला शेतघरासाठी किमान 40 आर धारण क्षेत्र लागतं. रहिवासी झोन असेल तर भाग नकाशावर विकास योजनेचा रस्ता, आरक्षण, नाल्याच्या निळ्या-लाल पूररेषा आणि विजेची उच्चदाब वाहिनी बघून घ्या. ग्रामपंचायतीचा ठराव किंवा नमुना 8 चा उतारा हे रेखांकनाच्या मंजुरीला पर्याय नाहीत. नमुना 8 करआकारणीसाठी असतो, तो मालकीचा पुरावा नव्हे.

मग सातबारा नीट वाचा, आणि त्यामागचे सगळे फेरफार काढा. भोगवटादार वर्ग 1 (विनाअट विकता येणारी) आहे की 2 (विकायला सरकारी परवानगी लागणारी)? 'इतर हक्क' रकान्यात कुळकायदा कलम 43 चा (विक्रीवर बंधनाचा) शेरा, पतसंस्थेचा बोजा, विहिरीचा हिस्सा? आणि सगळ्यात जास्त प्रकरणं जिथे फसतात ते: आजोबांच्या वारसनोंदीत आत्या आहेत का? फक्त वडील आणि काकांची नावं लागली असतील तर आत्यांचा हक्क संपलेला नाही. त्यांचं हक्कसोडपत्र नोंदणीकृत असायला हवं, साध्या कागदावरचा जबाब पुरत नाही. हे काम आत्ता घरात बसून होतं. प्लॉट विकल्यावर तेच काम कोर्टात जातं.

वाटप आधी करू नका, असं माझं मत आहे. 20-20 आर वाटून दोन वेगळी रेखांकनं केली तर दोघांना स्वतंत्र अंतर्गत रस्ता सोडावा लागेल आणि जमीन दुप्पट वाया जाईल. काही जण खुल्या जागेची अट चुकवायला हेच सुचवतात, पण मंजुरी देणारं कार्यालय जुने फेरफार मागवून मूळ क्षेत्र बघू शकतं. एकत्र रेखांकन करा, प्लॉट पडले की कोणते कुणाचे ते नोंदणीकृत वाटपपत्रानं ठरवा.

पुढची पायरी हद्द कायम मोजणीची. उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयातून 'क' प्रत (मोजणीचा अधिकृत नकाशा) हातात आल्याशिवाय आर्किटेक्टला नकाशा काढायला सांगू नका. मंजुरीसाठी सातबाऱ्याचं क्षेत्र, मोजणीचं क्षेत्र आणि जागेवरचं क्षेत्र या तिन्हींतलं सर्वांत कमी धरलं जातं. शेजाऱ्यानं बांध दीड मीटर आत सरकवलेला असेल तर तो दीड मीटर तुमच्या हिशेबातून गेला. बांधाचा वाद असेल तर आधी तो मिटवा, नंतर अर्ज करा.

रेखांकनाचं गणित मुंबईसारखी काही क्षेत्रं सोडून राज्यभर एकाच नियमावलीनं होतं, डिसेंबर 2020 पासूनच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनं. सगळे तिला यूडीसीपीआर म्हणतात. तुमची जमीन ढोबळमानानं 40 मीटर रुंद आणि 100 मीटर लांब आहे असं धरू. अंतर्गत रस्ता 150 मीटर लांबीपर्यंत 9 मीटर रुंद लागतो, त्यापेक्षा लांब गेला की 12. मधोमध 9 मीटरचा रस्ता शेवटपर्यंत नेला तर 900 चौरस मीटर त्यात गेले. क्षेत्र 4,000 चौरस मीटर किंवा जास्त असलं की 10 टक्के खुली जागा सोडावी लागते, म्हणजे आणखी 400. उरले 2,700. एकूण जमिनीच्या 67.5 टक्के. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना साडेपंधरा मीटर खोली मिळते, म्हणजे जेमतेम 9.7 मीटर दर्शनी बाजूचा प्लॉट 150 चौरस मीटरचा होतो. 2,700 पैकी 600 चौरस मीटर इमारतीला ठेवले तर 150 चे 14 प्लॉट उरतात. हे कागदावरचं कमाल गणित झालं. बंद रस्त्याच्या टोकाला गाडी वळवायची जागा, ट्रान्सफॉर्मर, कोपऱ्यांची गोलाई यात अजून थोडं जातं. विक्रीचा दर ठरवताना लक्षात ठेवा की विकायच्या प्रत्येक गुंठ्यामागे कच्ची जमीन जवळजवळ दीड गुंठा खर्ची पडते. 'आमच्या एकरात चाळीस गुंठे विकतील' असा हिशेब करणारे नंतर खुली जागाच विकायला काढतात.

तुमचा आकडा 40 आर म्हणजे नेमका 4,000, अगदी उंबरठ्यावर. मोजणीत 3,960 भरले तर हिशेब बदलू शकतो, म्हणून 'क' प्रत आधी. सुविधा क्षेत्राची अट पालिका आणि प्राधिकरणांच्या हद्दीत 20,000 चौरस मीटरपासून लागते, पण प्रादेशिक योजनेच्या हद्दीत ती बरीच लवकर लागते. झोन दाखल्यासोबत हेही विचारून घ्या. पोच रस्ता मात्र सोडून चालणार नाही. नकाशावर पाणंद दिसत असेल आणि जागेवर बैलगाडीपुरती वाट असेल, तर फाइल तिथेच परत येते.

मंजुरी दोन टप्प्यांत मिळते. आधी तात्पुरतं रेखांकन. ते आलं की बिनशेतीसाठी सरकारनं ठरवलेली रक्कम भरायची, जागेवर रस्ते, गटार, पाणी, वीज करायची, दगड रोवायचे आणि बिनशेती मोजणी मागायची. त्या मोजणीवरून अंतिम रेखांकन. मग आकारफोड पत्रक आणि कमी-जास्त पत्रक (जमिनीचं क्षेत्र आणि आकार प्लॉटनिहाय विभागून दाखवणारे भूमी अभिलेखाचे कागद) होतं, आणि तेव्हा कुठे प्रत्येक प्लॉटचा, रस्त्याचा आणि खुल्या जागेचा वेगळा उतारा निघतो. या शेवटच्या पायरीला कंटाळून लोक तात्पुरत्या रेखांकनावरच खरेदीखतं करून मोकळे होतात. खतात प्लॉट 150.00 चौरस मीटर लिहिलेला असतो, बिनशेती मोजणीत 148.60 भरतो, तलाठी नोंद धरत नाही, आणि प्रत्येक खरेदीदाराला घेऊन चूकदुरुस्ती पत्रासाठी पुन्हा दुय्यम निबंधकाकडे चकरा. एका लाइनमधला पहिला दगड चुकला की पुढचे सगळे प्लॉट सरकतात, त्यामुळे दुरुस्ती एकाची नसते.

पैसे घेण्याआधी महारेराकडे (राज्याच्या रिअल इस्टेट नियामकाकडे) नोंदणी. 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीतलं प्लॉटिंग हाही प्रकल्पच आहे, हे अजून अनेकांना पटत नाही. नोंदणीशिवाय जाहिरात, बुकिंग, टोकन काहीच चालत नाही. दंड प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या 10 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. नोंदणीकृत कराराआधी किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, आणि आलेल्या पैशातले 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. तुमची इमारत 600 चौरस मीटरवर दहा फ्लॅटची, म्हणजे तिलाही नोंदणी लागेल. प्लॉटिंग आणि इमारत दोन वेगळे प्रकल्प म्हणून नोंदवा, नाहीतर इमारत रखडली की प्लॉटवाल्यांचंही अडकतं.

इमारतीचं थोडक्यात: गावठाणाबाहेरच्या विरळ भागात मूळ एफएसआय (जमिनीच्या किती पट बांधकाम करता येतं तो निर्देशांक) 1.10. 600 वर 660 चौरस मीटर, त्यावर अधिमूल्य भरून रहिवासी वापराला 60 टक्क्यांपर्यंत पूरक क्षेत्र, म्हणजे मूळ एफएसआयवर सुमारे 1,056. यात जिना, पॅसेज, बाल्कनी सगळं आलं. दहा मध्यम फ्लॅट बसतात, दहा मोठे बसत नाहीत. समोरचा रस्ता 9 मीटरपेक्षा कमी असेल तर प्रीमियम एफएसआय (पैसे भरून मिळणारा जादा) किंवा टीडीआर (दुसऱ्या जमिनीवरून विकत घेतलेला बांधकामाचा हक्क) मिळत नाही, म्हणून इमारतीचा प्लॉट रस्त्याकडे ठेवायचा तुमचा विचार बरोबर आहे.

सोसायटी की अपार्टमेंट? सोसायटीत जमीन आणि इमारत अभिहस्तांतरणानं (कन्व्हेयन्स डीडनं) संस्थेच्या नावावर जाते, फ्लॅटधारक तिचा सभासद असतो. अपार्टमेंट, म्हणजे 1970 च्या कायद्यातलं, यात प्रत्येकाचा फ्लॅट त्याच्या मालकीचा आणि जमिनीत व सामाईक भागांत अविभक्त टक्केवारी. पुणे-नाशिकाकडे हा प्रकार सर्रास आहे. त्यासाठी किमान पाच युनिट लागतात, ते तुमच्याकडे आहेत. दहा फ्लॅटना, आणि त्यातले दोन-तीन घरातच ठेवायचे असतील तर, मी अपार्टमेंट सुचवेन. पण घोषणापत्र (इमारत या कायद्याखाली आणणारा दस्त, डीड ऑफ डिक्लरेशन) वकिलाच्या जुन्या नमुन्यावरून चिकटवून घेऊ नका. त्यात जमिनीचं वर्णन, मजले, प्रत्येक फ्लॅटचा नंबर-क्षेत्र-खोल्या, सामाईक आणि मर्यादित सामाईक भाग, आणि प्रत्येकाची टक्केवारी लिहावी लागते. आर्किटेक्टनं प्रमाणित केलेले मजल्यांचे नकाशे जोडून ते नोंदवायचं. टक्केवारी एकदा लिहिली की सगळ्या मालकांच्या संमतीशिवाय बदलत नाही. दहांपैकी एक जण परदेशात जाऊन बसला तरी बदल अडतो.

म्हणून घोषणापत्र पूर्ण मंजूर नकाशावर करा. वर आणखी मजला चढवायचा विचार असेल तर तो आधीच मंजूर करून घ्या, 'गच्चीचे हक्क राखून' असं मोघम वाक्य नको. उघड्या पार्किंगची विक्री करता येत नाही. स्टिल्टमधली (इमारतीखालच्या खांबांच्या मोकळ्या मजल्यावरची) जागा कुणाला दिली ते नंबरासह नकाशावर दाखवा.

डीड ऑफ अपार्टमेंट (प्रत्येक फ्लॅटचा मालकीचा दस्त) प्रत्येकाचं वेगळं नोंदवायचं. आणि घोषणापत्राची नोंद त्या प्लॉटच्या उताऱ्यावर घेण्यासाठी तलाठ्याकडे, किंवा सिटी सर्व्हे झालेला असेल तर तिथे, लगेच अर्ज द्या. ही नोंद राहून गेली की उतारा वर्षानुवर्षं वडील आणि काकांच्याच नावावर दिसत राहतो, पुढच्या पिढीची वारसनोंद फ्लॅटवाल्यांच्या जमिनीवर लागते, आणि ती काढायला दहाही मालकांना तहसीलदारासमोर उभं राहावं लागतं.