दादाचा धंदा दादाच्याच नावावर असू दे

पत्र : "मॅडम, मी बी.कॉम. सेकंड इयरला आहे, तासगाव तालुक्यातल्या गावातून रोज एसटीनं सांगलीला येऊन-जाऊन करते. माझा दादा मागच्या महिन्यात येरवड्यातून सुटून आला. बांधावरच्या भांडणात त्याच्या हातून एकाला कुऱ्हाड लागली होती, कलम 326 (हत्यारानं गंभीर दुखापत) खाली पाच वर्षांची शिक्षा झाली. आत तो सुतारकाम शिकला, हात चांगला बसलाय. आता त्याला फर्निचरचं दुकान काढायचंय. गावातला एक एजंट म्हणतो शिक्षा झालेल्याला बँक दारात उभी करत नाही, दहा लाखाचं प्रकरण बहिणीच्या नावावर करू, बाईला 35 टक्के सबसिडी मिळते. आई म्हणते कॉलेज सोड आणि दुकानात बस. पप्पा म्हणतात अर्धा एकर विकू आणि त्याला पुण्याला पाठवू, तिथं कोण ओळखत नाही. मी काय करू?" – स्नेहल (नाव बदललंय)

स्नेहल,

आधी एकच गोष्ट सांगते, एजंटनं पुढं केलेल्या कुठल्याही कागदावर सही करू नकोस. आधार, पॅन, कॉलेजचं बोनाफाईड, काहीही त्याच्याकडं देऊन ठेवलं असशील तर उद्याच्या उद्या परत आण. मग बाकीचं बोलू.

एजंटचं पहिलं वाक्यच चुकीचं आहे. शिक्षा भोगून आलेल्या माणसानं स्वतःच्या नावावर धंदा करायला कुठलाही कायदा आडवा येत नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, आधार-पॅनवर होते, फुकट होते, तिथं दादाला कोण विचारत नाही की तू कुठं होतास. शॉप अ‍ॅक्टचं म्हणशील तर थोडीच माणसं कामाला असली तर नुसती ऑनलाइन सूचना द्यायची असते. जीएसटी सेवेच्या कामाला वर्षाला 20 लाखांपर्यंत लागतच नाही. अडचण कुठं येते ते पण सांगते, म्हणजे दादा उगाच तिकडं धडपडणार नाही. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढून त्याला डायरेक्टर होता येणार नाही, कारण अशा गुन्ह्यात सहा महिने किंवा जास्त शिक्षा झाली असेल तर ती संपल्यापासून पाच वर्षं कंपनी कायदा थांबवतो. सिक्युरिटी एजन्सीचं लायसन्स त्याला मिळणार नाही, रिक्षाच्या बॅजला पोलीस पडताळणी असते. पण सुताराला यातलं काहीच लागत नाही गं. एकट्याच्या मालकीचा धंदा, ज्याला प्रोप्रायटरशिप म्हणतात, तो त्याला आजच्या आज करता येतो.

बँक बघते ते सिबिल, म्हणजे कर्जफेडीची नोंद, आणि सिबिलमधे गुन्हा नसतो, हप्ते असतात. त्यामुळं खरी चौकशी वेगळीच करायची आहे. आत जायच्या आधी दादाच्या नावावर गाडीचं कर्ज होतं का, कुणाला जामीन राहिला होता का, गावच्या सोसायटीचं पीककर्ज थकलंय का? माणूस आत असतो तेव्हा हप्ता कुणी भरत नाही आणि पाच वर्षांत वीस हजाराचं काय होतं ते घरच्यांना पण माहिती नसतं. वर्षातून एकदा क्रेडिट रिपोर्ट फुकट मिळतो, तो मोबाईलवर काढ, आणि सोसायटीच्या सचिवांकडं वेगळं विचार, कारण तिथली थकबाकी त्या रिपोर्टमधे दिसेलच असं नाही. थकलेलं असेल तर पहिला पैसा तिकडं जाऊ दे.

मॅनेजर तोंडावर नाही म्हणतो, हे पण होतं, खोटं कशाला सांगू. त्यावेळी भांडायचं नाही, नकाराचं कारण लेखी मागायचं आणि तो कागद घेऊन सांगलीला अग्रणी जिल्हा प्रबंधकांकडं जायचं. आपल्या जिल्ह्याची अग्रणी बँक बँक ऑफ इंडिया आहे. जिल्हा उद्योग केंद्रात पण माणसं चांगली भेटतात, एजंट मधे नसला की जास्तच.

आता ती 35 टक्के. पीएमईजीपी म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, त्यात गावाकडच्या बाईला 35 टक्के आणि खुल्या गटातल्या पुरुषाला 25 टक्के, हे खरं आहे. पण ती सबसिडी हातात पडत नाही, ती बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून अडकून राहते, धंदा खरंच चालू आहे का ते कुणीतरी येऊन बघतं आणि मगच ती कर्जात वळती होते. ट्रेनिंगला तू बसणार, तपासणीला आलेल्या साहेबाला रंधा आणि राउटरची (लाकूड कोरायच्या मशीनची) उत्तरं तू देणार, हप्ता चुकला तर सिबिल तुझं जाणार, आणि धंदा दादा चालवतोय हे बँकेपासून लपवायचं म्हणजे पहिल्याच दिवशी खोटं लिहून द्यायचं. ज्या माणसाला इथून पुढं कागदावर स्वच्छ राहायचंय त्याच्या धंद्याची सुरवात अशी करायची का?

आणि याहून मोठं कारण वेगळंच आहे. दादाच्या नावावर आज एकच सरकारी कागद आहे, तो म्हणजे सुटकेचा. त्यावर दुसरे कागद चढायला पाहिजेत, त्याच्या नावाचं बँक खातं, त्याच्या नावाचं उद्यम, त्याच्या नावावर घेतलेलं आणि वेळेवर फेडलेलं पंचवीस-तीस हजाराचं छोटं कर्ज, त्याच्या नावाच्या पावत्या. तू सगळं तुझ्या नावावर घेतलंस तर पाच वर्षांनी धंदा चांगला चालला तरी दादाकडं दाखवायला काहीच नसणार, तो तुझ्याकडचा कामगार. उद्या तुझं लग्न झालं की सासरचे पण त्या कर्जाचं विचारतील, मग त्याची लाज कुणाला वाटेल ते तूच बघ. तुझं प्रेम कळतंय मला. पण त्याचं नाव झाकून ठेवायची घाई घरातल्यांनीच केली तर बाहेरच्यांनी काय करावं?

आता दुकानाचं. दुकान नको, आत्ता तरी नको. कारागृहाच्या कारखान्यात लाकडाचं काम शिकवतात, टेबल, खुर्च्या, ऑफिसचं फर्निचर, सांधे पक्के, हात चांगला तयार होतो. पण सांगली-मिरजेत आज गिऱ्हाईक मागतंय प्लाय, लॅमिनेट, मॉड्युलर किचन, सॉफ्ट क्लोज बिजागऱ्या, चॅनेल. त्याचं माप वेगळं, मशीन वेगळं आणि चुकलं की अख्खा बोर्ड वाया. त्यामुळं पहिले सहा महिने एखाद्या फर्निचर कॉन्ट्रॅक्टरकडं रोजानं काम करू दे, कुपवाड-विश्रामबागकडं बांधकामं चालू आहेत तिथं सुतार लागतातच. पगार कमी मिळाला तरी चालेल, साइट मिळू दे.

त्यानंतर स्वतःची कामं घ्यायची ती लेबर रेटवर. म्हणजे प्लाय, लॅमिनेट, बिजागऱ्या मालकानं स्वतः आणायच्या, दादानं फक्त स्क्वेअर फुटाची मजुरी घ्यायची, ती पण काम होईल तशी. हे मी नुसतं भांडवल नाही म्हणून सांगत नाही. नवीन गिऱ्हाइकाला सुताराची खरी भीती एकच असते, अ‍ॅडव्हान्स घेऊन गायब होईल ही. माल त्याचा, पैसे काम झाल्यावर, म्हटल्यावर विश्वास ठेवायला त्याला काही पणाला लावावंच लागत नाही आणि दादाच्या बाबतीत हीच सगळ्यात अवघड पायरी आहे, ती अशी सोपी होते. दोन-तीन घरं नीट झाली की चौथं घर ती माणसंच देतात.

अजून एक काम त्याच्या डोक्यात घाल. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 च्या पुरात नदीकाठच्या घरांमधलं प्लायचं फर्निचर फुगून फेकून द्यावं लागलं. त्या भागातल्या लोकांना पाण्यानं न फुगणाऱ्या बोर्डाचं, नाहीतर पटकन सुटं करून वरच्या मजल्यावर नेता येईल असं फर्निचर पाहिजे असतं. जो सुतार हे मनापासून शिकेल त्याला सांगलीत काम कमी पडणार नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

पैशाचं म्हणशील तर पहिलं दार पीएम विश्वकर्मा, कारागिरांसाठीची केंद्र सरकारची योजना. 18 व्यवसायांच्या यादीत सुतार आहे. त्यात थोड्या दिवसांचं ट्रेनिंग, त्याचे रोजचे 500 रुपये, अवजारांसाठी 15,000, आणि मग 5 टक्क्यांनी आधी एक लाख आणि ते फेडलं की दोन लाख, तारण नाही. अर्ज सीएससी सेंटरवरून होतो, पहिली पडताळणी ग्रामपंचायतीत असते म्हणून सरपंचांना पप्पांनी आधीच भेटून ठेवावं. पण नीट ऐक, एका घरातल्या एकालाच मिळतं आणि स्वतः त्या कामात असणाऱ्यालाच मिळतं, आणि आधीच पीएमईजीपीचं कर्ज घेतलेलं असेल तर पाच वर्षं अडतं. म्हणून क्रम चुकवू नका. हे जमलं नाही तर मुद्रा योजनेतलं शिशू कर्ज, 50,000 पर्यंत, एक चांगला कटर, ड्रिल आणि राउटर त्यात येतो, सुरवातीला तेवढंच लागतं.

महिला व बालविकासच्या जिल्हा कार्यालयात परिविक्षा अधिकारी असतात, त्यांना पण भेटायचं, दादाला घेऊन. मुक्तबंद्यांच्या पुनर्वसनाचं काम त्यांच्याकडं असतं, अनुदानाचा अर्ज तिथंच करायचा. जाताना सुटकेचा कागद आणि कारागृहातल्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र न्या. प्रमाणपत्र दिलं नसेल तर येरवड्याला अर्ज करून मागवा.

पुण्याला पाठवायचं पप्पांचं म्हणणं मला पटत नाही. तिथं ओळखत नाहीत म्हणजे मदतीला पण कोण नाही, आणि दोन वर्षांनी कुणीतरी गावचा भेटतो आणि लपवलेलं कळतं, तेव्हा जास्त नुकसान होतं. गावात धंदा नको हे मात्र बरोबर, ज्याला लागलं त्याच्या घरासमोरून रोज करवतीचा आवाज कशाला. सांगली मधल्यामधे बरी. आणि जमीन विकू नका! त्या बांधाला लागून असलेलाच पहिला गिऱ्हाईक म्हणून येणार आणि पुन्हा तेच सुरू. उलट पप्पांनी भूमी अभिलेखमधे सरकारी मोजणीचा अर्ज टाकावा, बांध कुणाचा ते कागदावर येऊ दे, आणि दादानं त्या रानात काही दिवस पायच ठेवू नये. मंदी आली, गिऱ्हाईक गेलं तरी धंदा सावरतो, पण दुसरी एफआयआर झाली तर काहीच सावरत नाही.

लोकांना सांगायचं का, हे तू विचारलं नाहीस, पण दादाच्या मनात हेच असणार. ज्याच्याकडं कामाला लागेल त्या कॉन्ट्रॅक्टरला पहिल्या दिवशीच सांगावं, कारण तो दादाला दुसऱ्यांच्या घरात पाठवणार आहे. गिऱ्हाइकाला आपणहून भाषण द्यायची गरज नाही, पण विचारलं तर खोटं नको. दोन-तीन वाक्यं पाठ करून ठेवावीत, की भांडणात माझ्या हातून एक माणूस जखमी झाला, चूक माझी होती, शिक्षा पूर्ण भोगली, तिथंच हे काम शिकलो. रडगाणं नको, समोरच्यावर ढकलणं तर अजिबात नको. काही जण दार लावतील. लावू देत.

आणि आपल्या जिल्ह्यात हे काही नवीन नाही. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत आहे, औंध संस्थानच्या राजांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी 1939 मधे सुरू केली. शिक्षा झालेली माणसं तिथं बायकापोरांसोबत राहून शेती करत आली आहेत, भोवती जेलसारखी भिंत नाही. आईला हे सांग, ती सगळ्यात जास्त घाबरलीय असं पत्रावरून वाटतं.

तुझं कॉलेज सुटणार नाही, हे आईला माझ्या नावानं सांग. दुकानच नाही तर बसणार कुठं? तुला दादाला मदत करायची असेल तर रविवारी एक तास त्याच्या पावत्या लिही, कुणाकडून किती यायचे, रोजंदारी किती गेली, घरात किती दिले. टॅलीचा कोर्स याच वर्षी कर, थर्ड इयरला एखाद्या सीएच्या ऑफिसात पार्टटाइम बघ, आणि ते तुझ्या स्वतःच्या करिअरसाठी कर, दादासाठी नाही. सीए, कॉस्टिंग की बँकेच्या परीक्षा, यावर तू पत्रात एक ओळ पण लिहिली नाहीस. तुझे बारावीचे आणि फर्स्ट इयरचे मार्क्स कळव, त्यावर वेगळं लिहिते. आणि दादाला म्हणावं क्रेडिट रिपोर्ट आणि ते प्रमाणपत्र हातात आलं की मला स्वतः लिही, तुझ्याकडून नको, त्याच्या अक्षरात.