जुनी नावं खोडण्याआधी

सॉफ्टवेअर प्रकल्पाचा मेंटेनर, म्हणजे त्याचा कोड सांभाळणारा, झालास, मनापासून अभिनंदन! पण मेंटेनरांच्या यादीतली जुनी नावं खोडायची घाई करू नकोस. आधी लिनक्स कर्नलचा, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, सोर्स कोड उघड. अगदी वरच्या फोल्डरमध्ये दोन साध्या मजकूर फायली दिसतील, 'मेंटेनर्स' आणि 'क्रेडिट्स'.

पहिलीत आज कोण जबाबदार आहे ते असतं. 'एम' अक्षरापुढे ज्याला पॅच, म्हणजे कोडमधला सुचवलेला बदल, पाठवायचा तो, 'आर'पुढे तपासणारा, 'एस'पुढे स्थिती. ती स्थिती नीट वाच. 'सपोर्टेड' म्हणजे या कामाचा कुणाला तरी पगार मिळतो, 'मेंटेन्ड' म्हणजे कुणीतरी खरोखर लक्ष घालतंय, 'ऑड फिक्सेस' म्हणजे जमेल तेवढंच, आणि 'ऑर्फन' म्हणजे त्या कोडला वाली नाही. इतकं खरं लिहून ठेवायला धीर लागतो, मला ते फार आवडतं. नवा माणूस उत्तराची वाट बघत ताटकळत नाही.

जो थांबला, त्याचं नाव पुष्कळदा 'क्रेडिट्स'मध्ये हलवतात. 'एन'पुढे नाव, 'डी'पुढे त्यानं काय केलं ते, एखाद-दोन ओळींत. तूही हेच कर, पण आधी त्या माणसाला स्वतः मेल लिही. एका प्रकल्पातून माझं नाव असंच न विचारता गेलं होतं. काही महिन्यांनी कळलं तेव्हा पोटात तुटलं. दोन ओळींचा मेल पुरला असता रे.

आणि हो, बग शोधणाऱ्याचं नाव 'रिपोर्टेड-बाय' आणि चाचणी करणाऱ्याचं 'टेस्टेड-बाय' म्हणून कमिटमध्ये, म्हणजे त्या बदलाच्या कायमच्या नोंदीत, तेव्हाच घाल. कमिट एकदा मुख्य शाखेत, म्हणजे सगळे वापरतात त्या कोडमध्ये, गेलं की मागाहून त्यात नाव घुसवता येत नाही.