नाल्याला वास, पण ऑनलाइन आकडे मर्यादेत: खरं काय मानायचं?

तुम्ही विचारलंय की साखर कारखान्याच्या सांडपाण्याचे ऑनलाइन आकडे कायम मर्यादेत दिसतात, मग नाल्याला वास का येतो? दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

सीओडी म्हणजे पाण्यातल्या घाणीचं रासायनिक विघटन व्हायला किती ऑक्सिजन लागतो त्याचं माप. त्याचा प्रोब, म्हणजे सांडपाण्यात बसवलेला सेन्सर, बहुधा यूव्ही (अतिनील) प्रकाशावर चालतो. पाण्याने किती प्रकाश शोषला ते मोजायचं आणि त्यावरून सीओडीचा अंदाज काढायचा. साखर आणि अल्कोहोल हा प्रकाश जवळपास शोषतच नाहीत. म्हणजे नाल्यात साखरेचं पाणी आलं तरी प्रोबला ते स्वच्छ वाटू शकतं. म्हणून त्याचं गणित त्याच कारखान्याच्या नमुन्यांच्या प्रयोगशाळेतल्या निकालांशी वरचेवर जुळवावं लागतं.

आकडे लोकांसमोर असायलाच हवेत. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळांनी ते आपल्या पोर्टलवर दाखवावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने 22 फेब्रुवारी 2017 ला सांगितलंय. पंधरा-पंधरा मिनिटांचे आठवडाभराचे आकडे मिळत असतील तर एक्सेलमध्ये घ्या. पीएच (आम्लता), सीओडी, टीएसएस (पाण्यात तरंगणारे घन कण) आणि प्रवाह शेजारी-शेजारी ठेवा. सीओडी लिटरला 250 मिलिग्रॅमच्या खाली आहे का, एवढंच बघून थांबू नका. आलेखाचा आकार बघा.

सीओडी रात्रभर 48.2, 48.2, 48.2 असा येत असेल तर प्रोब अडकलाय किंवा साचलेल्या पाण्यात बुडवून ठेवलाय. चालू ईटीपीचं (सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचं) पाणी इतकं स्थिर नसतं. पंप सुरू होऊन प्रवाह वाढतो, तरी टीएसएस जागचा हलत नाही, हेही तसंच. रोज त्याच तासांना डेटा गायब होत असेल तर त्या वेळा लिहून ठेवा, या प्रकरणात सगळ्यात कामाची गोष्ट तीच. मात्र आकडा हळूहळू चढून एकदम खाली आला तर लगेच बोट दाखवू नका. काचेवर शेवाळ धरतं, पुसलं की आकडा उतरतो.

तक्रार मंडळाच्या उप-प्रादेशिक अधिकाऱ्यांकडे लेखी द्या, आलेख जोडा. माहिती अधिकारात संमतीपत्र (मंडळाने कारखान्याला दिलेली परवानगी) आणि प्रोबच्या कॅलिब्रेशनच्या, म्हणजे प्रोब बरोबर मोजतोय का ते जुळवून पाहिल्याच्या, नोंदी मागा. कारखान्याची खरी मर्यादा संमतीपत्रात लिहिलेली असते. पण कोर्टात नुसता ऑनलाइन आकडा पुरत नाही. जल अधिनियम 1974 च्या कलम 21 प्रमाणे घेतलेला, सील केलेला नमुना लागतो. म्हणून अर्जात ठळक लिहा: डेटा गायब होतो त्याच तासांत, आधी न कळवता, नाल्याला मिळणाऱ्या तोंडाशी नमुना घ्यावा.