बेडूक आणि अंधार यांना ‘प्लेग’ का म्हणतात?

प्रश्न असा आहे: बायबलमधल्या निर्गमाच्या कथेत, म्हणजे इस्राएल लोक गुलामीतून सुटतात त्या कथेत, मिसर (इजिप्त) देशावर जी दहा संकटे येतात, त्यांना इंग्रजीत ‘टेन प्लेग्ज’ म्हणतात. प्लेग म्हणजे गाठीचा ताप. मग बेडूक, टोळ, गारा आणि अंधार हे प्लेग कसे? मराठीत ‘पीडा’ म्हणावे, ‘अरिष्ट’ म्हणावे की ‘प्लेग’च ठेवावे?

‘प्लेग’ नक्कीच नको. १८९६-९७ च्या मुंबई-पुण्याच्या साथीपासून हा शब्द मराठीत त्या एका रोगालाच चिकटला आहे. इंग्रजीत मात्र तो लॅटिन ‘प्लागा’वरून आला, आणि ‘प्लागा’ म्हणजे तडाखा किंवा घाव. त्याचा ग्रीक भाऊ ‘प्लेगे’, अर्थ तोच. रोगाचा अर्थ नंतर चढला. दहांपैकी ज्याला आपण साथीचा रोग म्हणू असे एकच संकट आहे, पाचवे, गुराढोरांवरची मरी. तिला बायबलच्या मूळ हिब्रू भाषेत वेगळा शब्दही आहे, ‘देवेर’. फोड येतात तेही दुखणेच, पण बाकी बहुतेक पाणी, किडे, आभाळ आणि उजेड यांचे आहे.

यहुदी परंपरा या दहांना ‘एसेर माक्कोत’ म्हणते. ‘माक्का’ म्हणजे मार, प्रहार. मिश्नेत, म्हणजे यहुदी नियमांच्या जुन्या संग्रहात, ‘माक्कोत’ नावाचा एक भागच आहे आणि त्यातला ‘मार’ म्हणजे न्यायालयाने सांगितलेले फटके. निर्गमाच्या कथेत या धातूची क्रियापदे जागोजाग येतात: नदीच्या पाण्यावर काठी मारली जाते, प्रथमजन्मलेले मारले जातात, आणि गारा शेतातले सगळे ‘मारतात’. या शेवटच्या वाक्याला मराठीइतका सुंदर प्रतिशब्द क्वचितच सापडेल. ‘गारपिटीने झोडपले’, ‘अवकाळीचा तडाखा बसला’ असे आपण रोज म्हणतो. हिब्रू कल्पना नेमकी हीच आहे. फरक एवढाच की तिथे झोडपणारा कोण आहे हे कथा स्पष्ट सांगते.

दुसरा शब्द ‘नेगा’. शेवटच्या संकटाआधी परमेश्वर इस्राएलांचा पुढारी मोशे याला सांगतो की फारोवर, म्हणजे मिसरच्या राजावर, ‘आणखी एक नेगा’ आणीन. हा शब्द ‘स्पर्श करणे’ या धातूचा. बायबलच्या लेवीय या पुस्तकाच्या १३व्या अध्यायात कातडीवरच्या चट्ट्यालाही हाच शब्द आहे, आणि उत्पत्तीत अब्रामाच्या बायकोला घरात नेल्याबद्दल पूर्वीच्या एका फारोवर येते तेही ‘नेगा’च. मराठीत ‘लागण’ म्हणतो ना आपण, ‘लागणे’वरून? अगदी तसेच.

आता ‘पीडा’. मराठी बायबलात हा शब्द रुळला आहे. निर्गमातही तो आहे आणि बायबलच्या शेवटच्या पुस्तकातल्या, प्रकटीकरणातल्या, शेवटल्या सात संकटांनाही. तो बदला असे मी म्हणणार नाही. पण ‘पीडा’ ऐकताच आपल्याला शनीची पीडा आठवते, ‘इडा पीडा टळो, बळीचे राज्य येवो’ आठवते. ती पीडा लागते, छळते आणि टळते, पण ती कोणी बोलून, कळवून पाठवलेली नसते. निर्गमात मोशे फारोसमोर उभा राहून आधी सांगतो, मुदत देतो. तिसरे, सहावे आणि नववे संकट तेवढे न सांगता येते. ‘मी परमेश्वर आहे हे तुला कळावे म्हणून’ हे पालुपद पुन्हा पुन्हा येते. म्हणूनच बायबल यांना ‘चिन्हे’ आणि ‘न्यायदंड’ असेही म्हणते. ‘अरिष्ट’ तर याहून मोघम. त्यात मारणारा हात दिसतच नाही. त्या हातावर रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मगुरूंनी, किती विचार केला पाहा: मिसरी जादूगार म्हणाले, ‘हे देवाचे बोट आहे’. पुढे समुद्रात मिसरी सैन्य बुडाले तेव्हा मात्र लोकांना देवाचा ‘हात’ दिसला. म्हणून रब्बी योसे हिशेब मांडतात, एका बोटाने दहा तडाखे, तर पाच बोटांच्या हाताने पन्नास. वल्हांडण या सुटकेच्या सणाच्या रात्री हागादाह ही पोथी वाचताना हा हिशेब येतो. बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुद्यांच्या, घरांसाठी ती मराठी भाषांतरासह १८४६ साली मुंबईत आणि १८७४ साली पुण्यात छापली गेली होती.

त्याच रात्री एकेक संकटाचे नाव घेताना पेल्यातला द्राक्षारस थेंब थेंब काढून टाकतात. शत्रू मेले तरी आपला पेला पूर्ण भरलेला नसावा, असा त्याचा अर्थ आज अनेक घरांत सांगतात. मला या शब्दाच्या इतिहासात हेच सर्वांत मोलाचे वाटते, कारण ‘देवाचा मार’ म्हटले की ज्याला मार बसला तो पापीच, असे लोक चटकन ठरवतात. शब्द तसे म्हणत नाही. बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकाच्या ५३व्या अध्यायात दुःख सोसणाऱ्या सेवकाला आम्ही ‘नागुआ’ आणि ‘मुक्के एलोहीम’ समजलो, असे वाक्य आहे: लागण झालेला, देवाने मारलेला. ‘नेगा’ आणि ‘माक्का’ यांचे दोन्ही धातू एकाच ओळीत आले आहेत, आणि आमचे हे समजणे चूक होते असे तो अध्यायच सांगतो. ख्रिस्ती वाचक त्या सेवकात येशूला पाहतात, राशी या मध्ययुगीन पंडितासारखे यहुदी भाष्यकार इस्राएलला.

ग्रीकमध्येही असेच आहे. प्रकटीकरणातल्या सात पीडांचा ‘प्लेगे’ लूकच्या शुभवर्तमानात, येशूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात येतो. लुटारू वाटसरूला ‘प्लेगे’ देऊन अर्धमेला टाकतात. तो तर निव्वळ बळी आहे.

तेव्हा भाषांतर करताना बायबलमधला उतारा देत असाल तर ‘पीडा’च ठेवा, वाचक ती ओळखतात. स्वतःच्या शब्दांत लिहीत असाल तर ‘दहा तडाखे’ किंवा ‘दहा प्रहार’ लिहा. ‘मरी’ पाचव्या संकटासाठी राखून ठेवा, आणि शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातल्या त्या साथीसाठी, जिच्यात दाविदाने शिरगणती केल्यावर सत्तर हजार माणसे मेली.