टीएलडी बॅजमधील चकती पुन्हा वापरली तर?

प्रश्न : आम्हा क्ष-किरण तंत्रज्ञांच्या अंगावर पडलेल्या किरणोत्साराची मात्रा नोंदवणाऱ्या टीएलडी बॅजमधील चकत्या वाचनानंतर पुन्हा वापरल्या जातात, असे समजले. मग त्यांचे मोजमाप विश्वासार्ह राहते का?

उत्तर : राहते; मात्र दोन वापरांमधली प्रक्रिया चोख हवी. किरणोत्सारामुळे सुटलेले इलेक्ट्रॉन स्फटिकातील सापळ्यांत अडकतात आणि चकती तापवल्यावर प्रकाश देऊन मोकळे होतात; त्या प्रकाशावरून मात्रा मोजतात, त्यामुळे या वाचनातच जुनी नोंद बहुतांशी पुसली जाते. उरलेली पुसण्यासाठी चकत्या भट्टीत पुन्हा तापवतात. लिथियम फ्लोराइडच्या चकत्यांसाठी ४०० अंश सेल्सिअसला १ तास व नंतर १०० अंशांना २ तास ही रूढ पद्धत आहे. भारतीय बॅजमध्ये मात्र डिस्प्रोशियमयुक्त कॅल्शियम सल्फेट टेफ्लॉनमध्ये मिसळलेले असते, आणि टेफ्लॉन सुमारे ३२७ अंशांना वितळत असल्याने एवढी उष्णता देता येत नाही. म्हणूनच मोठी मात्रा मिळालेल्या चकतीत जुन्या संकेताचा अंश उरू शकतो, आणि तो पुढच्या माणसाच्या नावावर जाणे ही माझ्या मते सर्वांत गंभीर चूक ठरेल. अशी चकती शून्य-वाचन (जुना संकेत उरला नाही ना, हे पाहणारे वाचन) घेतल्याशिवाय पुन्हा देऊ नये. धूळ, ओरखडे आणि डाग यांमुळेही संवेदनशीलता घटते. त्यासाठी ज्ञात मात्रा देऊन चकत्यांचे अंशांकन वेळोवेळी तपासावे लागते.