कल्चर रिपोर्टमध्ये आठ 'आर' आले म्हणजे सुपरबग का? आणि एमआयसीचा आकडा लहान तितकं औषध चांगलं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईंच्या लघवीच्या कल्चरमध्ये ई. कोलाय हा जंतू निघाला, मोजणी दर मिलिलिटरला १ लाखाच्या वर, २० पैकी ८ औषधांपुढे 'आर' (रेझिस्टंट, म्हणजे औषध चालत नाही) आणि खाली 'ईएसबीएल' (औषधं तोडणारं जंतूचं एन्झाइम) अशी टीप. सिप्रोफ्लॉक्सॅसिनची एमआयसी ०.५ असून 'आय' (अधलंमधलं), नायट्रोफ्युरँटॉइनची १६ असून 'एस' (औषध चालतं). हे उलटं कसं? आणि यावर नवं संशोधन काय चाललंय?

उलटं नाही. एमआयसी म्हणजे जंतूची वाढ थांबवायला लागणारं कमीत कमी औषध, दर मिलिलिटरला मायक्रोग्रॅममध्ये. पण प्रत्येक औषधाची मोजपट्टी वेगळी असते, त्यामुळे दोन औषधांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून तुलना करताच येत नाही. सीएलएसआय या अमेरिकी संस्थेच्या तक्त्यानुसार ई. कोलायसाठी सिप्रोचा 'एस' ०.२५ पर्यंतच असतो, ०.५ ला 'आय' आणि १ पासून 'आर'. नायट्रोफ्युरँटॉइनला ३२ पर्यंत 'एस', १२८ पासून 'आर'. कारण नायट्रोफ्युरँटॉइन लघवीत भरपूर उतरतं, रक्तात मात्र जेमतेम. म्हणून १६ चा आकडा मूत्राशयातल्या जंतूला पुरतो. याच कारणामुळे थंडी वाजून ताप किंवा कुशीत दुखणं असेल, म्हणजे संसर्ग किडनीपर्यंत गेल्याची शंका असेल, तर रिपोर्टवर 'एस' असूनही डॉक्टर हे औषध टाळतात. किडनीचं काम बरंच मंदावलेलं असेल तरीही टाळतात, कारण मग ते लघवीत पुरेसं उतरत नाही. क्रिएटिनिनचा रिपोर्ट असेल तर सोबत न्या.

आता आठ 'आर'. नावं नीट पाहा: अँपिसिलिन, सेफिक्सिम, सेफुरॉक्सिम, सेफपोडॉक्सिम, सेफोटॅक्सिम, सेफ्ट्रायअॅक्झोन, सेफेपिम. ही सात एकाच घराण्यातली. ईएसबीएल हे एकच एन्झाइम या साऱ्यांची बीटा-लॅक्टम कडी तोडतं. म्हणजे सात 'आर' ही सात संकटं नव्हेत, एकच गोष्ट सात वेळा छापलेली आहे. आठवं कोट्रायमॉक्साझोल, त्याचं कारण वेगळं. 'आर' मोजून घाबरण्याला तसा अर्थ नाही, कारण कुठली लॅब १२ औषधं लावते, कुठली २४. शिवाय काही 'आर' जंतूच्या जातीतच असतात: क्लेब्सिएलाला अँपिसिलिन कधीच चालत नाही, प्रोटियसला नायट्रोफ्युरँटॉइन चालत नाही.

मेरोपेनेम, इमिपेनेम, अर्टापेनेम या ओळी बघा. ही ईएसबीएलपुढेही टिकणारी औषधं. तुमच्याकडे तिथे 'एस' आहे. तिथे 'आर' असता तर गोष्ट खरोखर गंभीर होती. 'एनडीएम' हे नाव ऐकलं असेल, ते या औषधांनाही तोडणारं एन्झाइम. मूत्राशयापुरत्या संसर्गाला फॉस्फोमायसिनची ३ ग्रॅमची एक पुडी किंवा नायट्रोफ्युरँटॉइनचा ५ दिवसांचा कोर्स असे तोंडी पर्याय तुमच्या रिपोर्टमध्ये अजून शिल्लक आहेत. कुठला, ते डॉक्टर ठरवतील.

हा 'एस-आर' ठरतो कसा, हे कळलं की रिपोर्टवर किती विसंबायचं तेही कळतं. मशीन नसलेल्या लॅबमध्ये म्युलर-हिंटन अगारच्या (जंतू वाढवायच्या जेलीच्या) ४ मिलिमीटर जाडीच्या प्लेटवर जंतू एकसारखे पसरतात, त्यावर औषधाच्या ६ मिलिमीटरच्या डिस्क ठेवतात आणि ३५ अंशांना १६ ते १८ तासांनी भोवतीचं मोकळं वर्तुळ मोजतात. अगार जाड ओतला तर वर्तुळ लहान पडतं आणि खोटा 'आर' येतो, पातळ ओतला तर खोटा 'एस'. जंतूंचं मिश्रण घट्ट झालं की पुन्हा खोटा 'आर'. डिस्कची डबी फ्रिजमधून काढून लगेच उघडली की आत दव धरतं आणि औषध मरतं. अॅमॉक्सिसिलिनच्या जोडीला येणारं क्लॅव्ह्युलॅनेट यात सगळ्यात नाजूक. म्हणून चांगली लॅब ठरावीक माहितीतला ई. कोलाय (एटीसीसी २५९२२) वेळोवेळी लावून स्वतःला तपासते. "क्यूसी (ही गुणवत्ता तपासणी) कधी केलं?" असं विचारायला लाजू नका. कोलिस्टिन मात्र डिस्कवर कळतच नाही, तसा निकाल कोणी दिला तर तो बाजूला ठेवा.

रेषाही सरकतात. सिप्रोचं २१ मिलिमीटरचं वर्तुळ २०१९ च्या आधी 'एस' होतं. त्या वर्षी सीएलएसआयने तक्ता बदलला आणि तेच २१ आता 'आर'. जंतू तोच. दोन लॅबचे रिपोर्ट जुळत नसतील तर दोघी कुठलं वर्ष वापरतात ते आधी विचारा.

सगळ्यात जास्त घोळ मात्र लॅबच्या दाराआधीच होतो. १ लाख हा आकडा कसा येतो बघा: १ मायक्रोलिटर लघवी मावणारा तारेचा लूप प्लेटवर ओढतात, उगवलेल्या कॉलनी (जंतूंचे ठिपके) गुणिले १०००. शंभर कॉलनी म्हणजे १ लाख. नमुना दुपारभर पिशवीत राहिला तर जंतू दुप्पट, चौपट होत जातात आणि किरकोळ भेसळही लाखात जाते. म्हणून अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी, जागा पाण्याने धुऊन, सुरुवातीची धार सोडून मधली धार निर्जंतुक डबीत घ्यायची. २ तासांत पोचवायची, नाही जमलं तर फ्रिजमध्ये (फ्रीझरमध्ये नको) २४ तासांपर्यंत. कॅथेटर असेल तर पिशवीतली लघवी कधीच देऊ नका. तीन-चार प्रकारचे जंतू निघाले तर तो बहुधा भेसळीचा नमुना, पुन्हा द्या.

संशोधनाबद्दलही विचारलंय. ईएसबीएलला निष्प्रभ करणारं एन्मेटाझोबॅक्टम चेन्नईच्या ऑर्किड फार्माचं. सेफेपिमसोबत त्याला अमेरिकेत फेब्रुवारी २०२४ मध्ये मान्यता मिळाली. एनडीएमवर उतारा म्हणून झिडेबॅक्टम हा रेणू वोक्हार्टने शोधला. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेत साध्या मूत्रसंसर्गासाठी जेपोटिडॅसिन मंजूर झालं; ते जंतूच्या त्याच एन्झाइमला धरतं ज्याला सिप्रो धरतं, पण वेगळ्या जागी. मला स्वतःला तपासणीतली प्रगती जास्त मोलाची वाटते. स्वीडनमध्ये तयार झालेलं पीए-१०० हे यंत्र थेट लघवीतून ४५ मिनिटांत योग्य औषध सांगतं, त्याला जून २०२४ मध्ये ८० लाख पौंडांचं लाँजिट्यूड प्राइझ मिळालं. आपल्याकडे अजून दोन-तीन दिवस थांबायचं, आणि तेवढ्यात अंदाजाने एखादं तगडं अँटिबायोटिक सुरू झालेलं असतं.

'आर' कायमचा का? तो त्या जंतूचा असतो, आईंचा नाही. "अंगाला औषधाची सवय झाली" हे खरं नाही. पण असे जंतू आतड्यात महिनोन्महिने राहू शकतात. म्हणून हा रिपोर्ट जपून ठेवा आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना आधी तोच दाखवा. आणि जळजळ, ताप, वारंवार लागणं यांपैकी काहीच नसताना केवळ रूटीनमध्ये हे कल्चर केलं गेलं असेल, तर डॉक्टरांना तेही सांगा. त्रास नसताना लघवीत सापडलेल्या जंतूंना, गर्भारपण आणि मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया सोडल्यास, सहसा औषध देत नाहीत.