फुकट वाटायचे टूल आणि थेट द्वितीय वर्षाचा प्रवेश

सांगलीहून एका पालकांनी लिहिले आहे : ‘माझा मुलगा ई अँड टीसी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षात आहे. सुट्टीच्या दिवशी तो कार्यक्रमांचे थेट प्रक्षेपण करणाऱ्या एका लहान व्यावसायिकाकडे मदतीला जातो. तिथला व्हिडिओ राउटर काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून चालवता यावा म्हणून चार महिने तो एक कमांड-लाइन टूल लिहीत बसला आहे आणि पूर्ण झाल्यावर ते सगळ्यांना फुकट देणार म्हणतो. यातून नोकरी मिळते का? की हे सोडून त्याने डिग्रीच्या मागे लागावे?’

स. न. वि. वि.

आपला शेवटचा प्रश्न मला दोन प्रश्नांचा वाटतो. डिग्री आणि टूल यांतले एकच निवडावे, अशी सक्ती चिरंजीवांवर कोणीही केलेली नाही. डिप्लोमानंतर अभियांत्रिकीच्या थेट द्वितीय वर्षाला प्रवेश घेण्याची सोय आपल्या राज्यात आहे आणि ती त्याने घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण मोठ्या वाहिन्या आणि प्रक्षेपण यंत्रणा उभारून देणाऱ्या कंपन्या अभियंत्याच्या जागेसाठी अर्ज चाळताना बहुधा आधी पदवी पाहतात आणि कौशल्याची विचारपूस त्यानंतर करतात. मात्र त्याचे टूल बंद करवू नका.

आधी तो नेमके काय करतो आहे ते सांगतो, कारण राउटर म्हटले की घरातला वाय-फायचा डबा डोळ्यांपुढे येतो. व्हिडिओ राउटरला एका बाजूने कॅमेरे, लॅपटॉप, प्लेअर जोडलेले असतात आणि दुसऱ्या बाजूने एलईडी वॉल, रेकॉर्डर, मिक्सर. कोणत्या आउटपुटवर कोणते इनपुट जावे, एवढेच त्याचे काम. ब्लॅकमॅजिक डिझाइन या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या व्हिडिओहब राउटरचे उदाहरण घेऊ. नेटवर्कवरून त्याच्याशी बोलण्याची भाषा कंपनीने स्वतःच प्रसिद्ध केलेली आहे. नेटवर्कवरून पोर्ट 9990 वर, म्हणजे यंत्राच्या त्या क्रमांकाच्या दारावर, जोडणी केली की राउटर आपली सगळी स्थिती साध्या अक्षरांत पाठवतो. मग ‘व्हिडिओ आउटपुट राउटिंग’ असे शीर्षक, त्याखाली ‘3 7’ आणि शेवटी एक रिकामी ओळ पाठवली, की चौथ्या आउटपुटवर आठवे इनपुट जाते. चौथे आणि आठवे अशासाठी, की यंत्र शून्यापासून मोजते आणि माणूस एकपासून. ही एकाची चूक घरच्या टेबलावर हसण्यावारी जाते. समारंभात त्याच चुकीमुळे वधूवरांच्या जागी ऑपरेटरच्या लॅपटॉपचा डेस्कटॉप भल्यामोठ्या वॉलवर झळकतो.

चिरंजीवांची खरी परीक्षा इथे आहे. आज्ञा पाठवणारा वीस ओळींचा प्रोग्रॅम पायथन या संगणकभाषेत कुणीही लिहील. पण राउटरने ‘अ‍ॅक’ म्हणून होकार दिला याचा अर्थ संदेश पोहोचला आणि समजला, एवढाच. मार्ग खरोखर बदलला की नाही, हे त्यानंतर राउटर स्वतःहून जी नवी स्थिती कळवतो त्यावरून ओळखायचे असते. ते आउटपुट दुसऱ्या कुणी लॉक केलेले असेल तर काय? मध्येच केबल निघाली तर टूल गप्प बसते, की चूक झाल्याचा संकेत देऊन बाहेर पडते? या प्रश्नांची उत्तरे ज्याच्या टूलमध्ये आहेत, त्याला मुलाखतीत फार बोलावे लागत नाही. त्याने एक नकली राउटर, म्हणजे त्याच भाषेत उत्तरे देणारा छोटा प्रोग्रॅमही लिहावा. त्यामुळे मालकाच्या यंत्राला हात न लावता चाचण्या घेता येतील आणि ज्याच्याकडे हे हार्डवेअर नाही, अशा परक्या माणसालाही टूल तपासून पाहता येईल.

फुकट देण्याबद्दल आपल्याला वाटणारी हळहळ मी समजू शकतो. मात्र एवढ्याशा टूलला पैसे मोजणारे गिऱ्हाईक मिळणे अवघड आहे. उलट ते उघड ठेवले की नोकरी देणाऱ्याला त्याचे कोड, चुका दुरुस्त करण्याची पद्धत आणि अनोळखी माणसाच्या तक्रारीला दिलेले उत्तर हे सगळे तारीखवार वाचता येते. गुणपत्रिकेत यातले काहीच दिसत नाही. गूगल समर ऑफ कोड हा 2005 पासून चालणारा उपक्रम ओपन सोर्स, म्हणजे कोड सर्वांना खुला असलेल्या, प्रकल्पांत काम करणाऱ्या नवोदितांना मानधन देतो आणि 2022 पासून तो केवळ विद्यार्थ्यांपुरता राहिलेला नाही. तिथे निवड होईलच असे मी म्हणत नाही, पण अर्ज करताना दाखवायला हातात काहीतरी असावे लागते.

दोन गोष्टी मात्र त्याने टूल प्रसिद्ध करण्याआधी उरकाव्यात. टूल व्यावसायिकाच्या वेळेत आणि त्याच्या यंत्रावर घडले असेल, तर त्याची लेखी संमती घ्यावी. तोंडी ‘कर रे, काय हरकत आहे’ पुढे उपयोगी पडत नाही. आणि नमुन्याच्या फाइलींत गिऱ्हाइकांची नावे किंवा नेटवर्कचे पत्ते राहू देऊ नयेत. या राउटरच्या भाषेत पासवर्डची सोयच नाही; त्याच नेटवर्कवर पोहोचलेला कुणीही मार्ग बदलू शकतो. म्हणून राउटर पाहुण्यांच्या वाय-फायपासून वेगळ्या नेटवर्कवर ठेवावा, हेही टूलच्या माहितीपत्रात मोठ्या अक्षरांत लिहावे.

पदवीच्या वर्षांत त्याने नेटवर्किंग हा विषय मनापासून करावा, असे मी आग्रहाने सांगेन. आजवर चित्र बीएनसी जोडाच्या कोअ‍ॅक्सियल केबलमधून एसडीआय या डिजिटल व्हिडिओ संकेताच्या रूपाने जात आले. एसएमपीटीई या चित्रपट-दूरचित्रवाणी अभियंत्यांच्या संस्थेच्या, 2017 मध्ये प्रसिद्ध होऊ लागलेल्या 2110 मानकांनुसार तेच चित्र आता साध्या नेटवर्कच्या पॅकेटांतून जाते. एका फुल एचडी चित्रालाच सेकंदाला काही गिगाबिट लागतात आणि सगळ्या यंत्रांची घड्याळे जुळवून ठेवावी लागतात. अशा ठिकाणी राउटरचा डबा उरत नाही, पण ‘कोणते इनपुट कुठे’ हा प्रश्न उरतो आणि तो सॉफ्टवेअर सोडवते. एसडीआयच्या केबलला जोड दाबून बसवता (क्रिम्प करता) येणारा आणि नेटवर्क स्विचही समजणारा मुलगा वाहिनीच्या मास्टर कंट्रोल रूमला आणि बाहेरच्या कार्यक्रमांचे प्रक्षेपण करणाऱ्या ओबी व्हॅनला, दोन्हींकडे हवा असतो.

तूर्त त्याने सगळ्या कंपन्यांची यंत्रे चालवण्याचा हव्यास धरू नये. एकाच राउटरपुरते टूल नीट करावे, आज्ञा देण्यापूर्वीची स्थिती जतन करून एका आज्ञेत पूर्ववत करण्याची सोय त्यात घालावी आणि शेवटच्या सत्राची परीक्षा संपेपर्यंत नवे काही जोडू नये. प्रवेशाची कागदपत्रे, विशेषतः जातीचा व उत्पन्नाचा दाखला लागणार असेल तर तो, आपण आत्ताच काढायला टाका. निकालानंतर तहसील कार्यालयात गर्दी होते.